दाराशी वाढवलेला आकडा

टपालवाला खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. आता कोणीतरी येऊन ऊठ म्हणेल, अशी त्याची बसण्याची तऱ्हा. टोपी मांडीवर, आणि टोपीवर दोन्ही हात.

"झोप कशी लागते?" ताईंनी विचारलं.

"लागते तशी."

"तशी म्हणजे कशी?"

"म्हणजे पडल्या पडल्या लागते. मग मधेच जाग येते. मग बायकोच्या उशीकडे बघत पडतो. उशी आहे, बायको नाही." तो कसनुसा हसला. "मुलगा म्हणतो, उशी काढून टाका. त्याला काय जातंय सांगायला!"

"जेवण?"

"शेजारीण डबा देते. वाईट दिसायला नको म्हणून संपवतो."

"आणि कामात मन लागतं का?"

"पत्रं वाटायला मन कशाला लागतंय, ताई? पाय लागतात."

ताईंना हसू आलं. तोही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. टोपीनेच त्याने ते पुसले.

ताईंचं काम एवढंच, प्रश्न विचारायचे आणि उत्तराला आकडा द्यायचा. दवाखान्यात नैराश्यावरच्या एका नव्या औषधाची चाचणी चालली होती. आलेल्यांपैकी निम्म्यांना खरी गोळी मिळायची, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी रिकामी, नुसत्या पिठाची. कोणाला कोणती, हे ना रोग्याला ठाऊक, ना डॉक्टरांना, ना ताईंना. दर आठवड्याला ताई तेच प्रश्न विचारायच्या: झोप, भूक, कामातलं मन, उगाच वाटणारा अपराधीपणा, जगण्याचा वीट. आकड्यांची बेरीज उतरत गेली की माणूस सुधारला. आणि चाचणीत शिरायचं तर पहिल्या दिवशी बेरीज निदान वीस हवी. माणूस खरोखर आजारी असला पाहिजे, नुसता खिन्न नको, म्हणून ही रेघ.

टपालवाल्याची बेरीज अठरा भरली.

ताईंनी पुन्हा एकदा कागदावरून नजर फिरवली. माणूस दुःखात होता, यात शंका नाही. पण तो जेवत होता, कामावर जात होता, थट्टा करत होता. बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. अशा माणसाला काळच हळूहळू उचलून उभं करतो, हे ताईंना इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं असं नाही. पण अठरा म्हणजे परत पाठवायचं. परत म्हणजे खालच्या मजल्यावरच्या रांगेत, जिथे डॉक्टरांची गाठ पडायलाच महिने लागत. इथे निदान आठवड्यातून एकदा कोणीतरी समोर बसून त्याला विचारणार होतं की बाबा रे, झोप लागते का.

ताई देवभोळ्या. प्रत्येक माणूस आत येण्याआधी टेबलाखाली हात जोडून त्या मनात म्हणायच्या, देवा, याच्या मनावरचं ओझं हलकं कर. आता ज्याच्यासाठी देवाला गळ घातली, त्याला दोन आकड्यांवरून दारातून कसं लोटायचं? कामातलं मन एकाच्या आणि दोनाच्या मधे होतं, तिथे त्यांनी दोन केले. झोपेचंही तसंच. बेरीज वीस झाली.

"या पुढच्या आठवड्यात," त्या म्हणाल्या. "तुमची निवड झाली."

"अरे वा!" टपालवाला उठला. "जन्मात पहिल्यांदाच कशात तरी निवडलं कोणी."

हे ताईंनी त्या दिवशी पहिल्यांदा केलं नव्हतं, आणि त्या एकट्याच करत होत्या असंही नव्हतं. पलीकडच्या खोलीत बसणारी दुसरी मुलाखतवाली, जिला सगळे धाकली म्हणत, तीही करायची. औषध कंपनीचा सारखा फोन, जागा भरल्या का, जागा भरल्या का. मोठे डॉक्टर जाता-येता दारातून डोकावायचे, "आज किती?" याला खोटं लिहिणं असं कोणी म्हणत नव्हतं. त्याला दवाखान्यात एक गोड शब्द होता, सांभाळून घेणं.

"एखादा आकडा इकडचा तिकडे झाला," धाकली म्हणायची, "त्यानं काय आभाळ कोसळतंय, ताई? दुःख काय काट्यावर मोजता येतं?"

ताईंनाही ते पटायचं. पुढच्या आठवड्यात तोच माणूस समोर आला की मात्र ओलांडायला रेघ नसायची. मग त्याचं जेवढं होतं तेवढंच लिहिलं जायचं, अठराचं अठरा, सतराचं सतरा. आपण तेव्हा वर उचललं आणि आता खाली ठेवतोय, हे ताईंच्या मनातही येत नसे. सरळ माणसाच्या हातून होणारी चूक अशीच असते. ती करताना छाती धडधडत नाही, उलट बरं वाटतं.

ताईंना या कामाची इतकी माया असायला घरचं कारण होतं. त्यांचा दादा.

दादा त्यांच्याहून बराच मोठा. आई-वडील लवकर गेले, तेव्हा त्यानेच त्यांना वाढवलं. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, आणि संध्याकाळी प्रार्थनाघरात जायचा. तिथे एक बुवा गाऊन निरूपण सांगायचे. कथा रंगात आली की बुवा ओळ अर्ध्यावर सोडत आणि पाण्याचा पेला तोंडाला लावत. पाठीमागे उभा असलेला दादा ती ओळ झेलायचा, पुरी करायचा आणि पुन्हा बुवांच्या हाती द्यायचा. बुवांचा त्याच्यावर एवढा भरवसा, की ओळ सोडताना ते मागे वळूनही बघत नसत. ज्याने तो सोहळा ऐकलाय त्यालाच त्यातलं सुख कळेल. एकाचा श्वास संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, गाणं माणसांचं नाहीच, ते आपलं आपण चाललंय.

एका संध्याकाळी बुवांनी ओळ सोडली, आणि ती कोणीच झेलली नाही. बुवा पेला हातात धरून थांबले. दादा उभा होता, तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. बुवांनी पेला खाली ठेवला आणि ओळ स्वतः पुरी केली. तेव्हापासून दादा प्रार्थनाघरात गेला नाही. मग दुकानात जाईना, मग आंघोळीला उठेना, मग कुशीवरही वळेना.

"माझ्या घरात नवरा आहे की सतरंजी, तेच कळत नाही, वन्सं," वहिनी म्हणायच्या. "सतरंजी निदान झटकता तरी येते."

वहिनींची जीभ अशी, पण त्याच जिभेने त्या दिवसभर त्याला हाका मारत राहायच्या. उठताय का, दोन घास खाताय का, निदान डोळे उघडताय का. दोन-तीन औषधं झाली. कशाचाच म्हणावा तसा गुण येईना. तेव्हा ताईंनीच त्याला या नव्या औषधाच्या चाचणीत घातलं. आपल्या नातेवाइकाची मुलाखत आपण घ्यायची नाही, असा नियम होता, म्हणून पुलापलीकडच्या दवाखान्यात. चाचणी तीच, माणसं दुसरी.

पहिला टप्पा कोरडाच गेला. वहिनी त्याला दर आठवड्याला गाडीत घालून न्यायच्या आणि आणायच्या. दुसऱ्या टप्प्यात, पहिल्यात गुण न आलेल्या सगळ्यांना खरीच गोळी मिळायची. तो सुरू होऊन थोडे दिवस झाले, आणि एका सकाळी वहिनींचा फोन आला. त्या रडत होत्या.

"काय झालं, वहिनी?"

"अहो, हे उठले! उठून विचारतात, साबण कुठाय? मला रडूच फुटलं. तर म्हणतात कसे, संपला असेल तर राहू दे, एवढं काय रडायचं त्यात!"

त्या दिवशी ताई कामावर निम्मा वेळ हसत होत्या आणि निम्मा वेळ डोळे पुसत होत्या. हळूहळू दादा दाढी करू लागला, अर्धा दिवस दुकानात जाऊ लागला. आणि एकदा ताईंना बरोबर घेऊन तो प्रार्थनाघरात गेला. बुवा आता थकले होते. त्यांनी त्याला पाहिलं. निरूपण सुरू झालं. बऱ्याच वेळानं त्यांनी एक ओळ अर्ध्यावर सोडली आणि पेला उचलला. मागे वळून बघितलं नाही. दादाने ती झेलली. आवाज फाटका होता, मधे एक स्वर निसटलाही. पण ओळ पुरी झाली. ताईंनी डोळे मिटले आणि देवाला म्हणाल्या, पुरे. आता मला काही मागायचं नाही.

चाचणी संपली. पाकिटं फोडून कोणाला काय मिळालं होतं ते ज्याला त्याला सांगितलं गेलं. दादाला पहिल्या टप्प्यात रिकामी गोळी होती. वहिनी म्हणाल्या, "बघा, वन्सं! रिकामी होती तोवर हे रिकामे, आणि खरी आली तशी हे उठले. आणखी काय पुरावा हवा?" ताईंनाही तसंच वाटलं. निकाल चांगला लागणार, औषध बाजारात येणार, दादाला ते जन्मभर मिळणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

निकाल लागला तो सांगायला मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. चाचणीचं गणित करणाऱ्या बाईही आल्या होत्या. बारीक अंगाच्या, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या. त्यांना सगळे गणितबाई म्हणत.

"औषध पडलं," मोठे डॉक्टर म्हणाले. "खऱ्या गोळीवर जेवढी माणसं सुधारली, जवळजवळ तेवढीच रिकामीवर. कंपनीनं औषध बंद केलंय. ज्यांना चालू आहे त्यांचं हळूहळू कमी करत आणायचं. शिलकीतली गोळी त्यापुरतीच मिळेल."

ताईंना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

गणितबाईंनी भिंतीवर एक चित्र पाडलं. पहिल्या दिवशीचे सगळे आकडे, परत पाठवलेल्यांचेही, शेजारी शेजारी उभ्या काड्यांसारखे. "हे बघा. एकोणीसवर जवळजवळ कोणी नाही. अठरावर नाही. आणि वीसवर आणि एकवीसवर ही एवढी गर्दी. जत्रेच्या दारात असते तशी. दुःखाला काय कळतं का, वीसची रेघ कुठाय ते?"

धाकलीने टेबलाखाली ताईंच्या गुडघ्याला गुडघा लावला.

"आता दुसऱ्या आठवड्याचं बघा. सगळे घसरले. खऱ्या गोळीवालेही आणि रिकामीवालेही. एका आठवड्यात कुठली गोळी एवढं काम करते? पिठाच्या गोळीत एवढी ताकद असेल तर डॉक्टर, आपण दवाखाना बंद करून गिरणी काढू या."

मोठे डॉक्टर हसले, पण ते हसणं तोंडाच्या कोपऱ्यातच राहिलं. "सगळ्याच दवाखान्यांत थोडंफार असं होतं, बाई."

"होतं ना. म्हणूनच सगळ्याच दवाखान्यांतल्या चाचण्या अशा लागतात. फारशी आजारी नसलेली माणसं रेघेवर उचलून आत घेतली. ती आपली आपण बरी होणारच होती, झाली. त्यांच्या गर्दीत औषधाचं काम दिसणार कसं?" त्यांनी चष्मा खाली ओढला. "औषध चांगलं होतं असं मी म्हणत नाही हं. वाईट होतं असंही म्हणत नाही. आता ते सांगताच येणार नाही, एवढंच म्हणते. तराजूच्या दोन्ही पारड्यांत आधीच दगड पडले होते."

ताई त्या काड्यांकडे बघत बसल्या. त्या गर्दीत टपालवाला कुठेतरी उभा होता, टोपी हातात धरून. ती भरतकाम शिकवणारी बाई होती, जिचा मुलगा परगावी गेला होता. परीक्षेत नापास झालेला तो उंच मुलगा होता. एकेकाला त्यांनी हाताला धरून रेघेवर चढवलं होतं. प्रत्येकाच्या वेळी त्यांना वाटलं होतं, आज देवाचं थोडं काम झालं हातून.

बैठक मोडली तशा त्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. गणितबाई तिथेच कागद आवरत होत्या.

"डॉक्टर, ते मी केलंय," ताई म्हणाल्या. "म्हणजे मीही केलंय. दाराशी आकडे वाढवलेत."

मोठे डॉक्टर म्हणाले, "मला काय माहीत नव्हतं का, ताई? मी रोज विचारायचो, जागा किती भरल्या. कशा भरल्या, ते एकदाही विचारलं नाही. विचारलं नाही ते उत्तर ठाऊक होतं म्हणूनच."

"मग ती माणसं काढून टाका ना! माझ्या लक्षात आहेत सगळी. मी सांगते कोण कोण ते. त्यांना वगळून पुन्हा गणित मांडा. खरे आजारी तेवढेच ठेवा. मग औषधाचं खरं काय ते दिसेल."

"निकाल बघितल्यावर?" गणितबाई म्हणाल्या.

"पण मी खरं सांगेन! देवाशपथ."

"तुम्ही खरंच सांगाल, ताई. तीच तर अडचण आहे." त्यांचा आवाज खाली आला. "तुमचं कोणी आहे का या औषधावर?"

"भाऊ आहे. पुलापलीकडे."

"मग सांगा बरं, आज तुम्हाला पहिलं कोण आठवेल? रिकाम्या गोळीवर बरा झालेला माणूस. तोच तुम्हाला वाढवून घेतलेला वाटेल. खऱ्या गोळीवर जो बरा झाला, तो वाटेल मुळातच आजारी होता. तुम्हाला कळणारही नाही, आणि यादी तयार होईल. औषध जिंकेल. त्या वेळी दयेनं वाढवलंत, आता मायेनं कमी कराल. आकडा दोन्ही वेळा खोटाच."

"मग पुन्हा चाचणी घ्या."

"कंपनी कशाला घेते? तिनं दुसऱ्या औषधाची तयारी केलीसुद्धा," मोठे डॉक्टर म्हणाले. "अहवालात मी लिहीन की आमचे दाराशीचे आकडे भरवशाचे नाहीत. कोणी वाचलं तर वाचलं. मला एवढंच करता येईल."

निरूपणात असं होत नाही. तिथे दया करणाऱ्याची कितीही ओढाताण झाली, तरी शेवटच्या पदाला कोणीतरी दार ठोठावतं आणि देव उभा राहतो. ताई लहानपणापासून तेच ऐकत आल्या होत्या. त्या दार लोटून बाहेर आल्या, तर बाहेर झाडूवाली फरशी पुसत होती. "ओलं आहे, ताई," ती म्हणाली, "कडेनं जा."

रस्त्याच्या वळणावर मागून सायकलची घंटी वाजली.

"ताई! अहो ताई!" टपालवाला एक पाय जमिनीला टेकवून थांबला. चेहरा उजळला होता, अंगही थोडं भरलं होतं. "ओळख आहे ना?"

"आहे तर. कसे आहात?"

"एकदम झकास! झोप काय लागते म्हणता! पोरगा म्हणतो, बाबा, घोरणं कमी करा. आणि एक गंमत कळली का? माझी गोळी म्हणे रिकामी होती! पत्र आलं तसं. मीच वाटलं, मलाच!" तो खदखदून हसला. "मी म्हटलं, असू दे रिकामी. आपल्याला तीच लागू पडली. देव तुमचं भलं करो, ताई. तुम्ही निवडलं नसतं तर मी काही निघत नव्हतो त्यातून."

तो निघाला असता, ताई, मनातलं कोणीतरी म्हणालं. थोडा उशिरा, पण निघाला असता. त्याच्यावर रागवावं असं मात्र काही सापडेना. त्याचं बरं होणं खरं होतं, आणि त्याच खऱ्या बरेपणाने दादाच्या औषधाविरुद्ध एक काडी उभी केली होती.

"उशी काढलीत का?" त्यांनी विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"छे! उशी कशाला काढू? आता दोन घेऊन झोपतो," तो म्हणाला आणि घंटी वाजवत पुढे गेला.

दादा खिडकीत बसून एक काच उजेडाला धरून बघत होता. वहिनी भाजी निवडत होत्या. ताईंनी चप्पल काढली, पाणी प्यायल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बसल्या असत्या तर जमलं नसतं.

वहिनींच्या हातातली जुडी तशीच राहिली. "म्हणजे, वन्सं, जगाला पदराखाली घ्यायला निघालात, आणि उघडं कोण पडलं? घरचं माणूस!"

"अगं ए," दादा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा! वन्सं, यांना वर्षानुवर्षं हाका मी मारल्यात, तुम्ही नाही. यांनी साबण मागितला त्या दिवशी मी नवस फेडल्यासारखी रडले. आणि आता म्हणे कमी करत आणायचं!" त्यांनी भाजीचं ताट बाजूला सारलं आणि आत गेल्या. आत भांडं आपटल्याचा आवाज झाला.

दादाने काच कपड्यात गुंडाळली. "बेबी, एक सांग. मला या गोळीनंच बरं वाटलं ना?"

"माहीत नाही, दादा."

"असं कसं? रिकामी होती तोवर मी आडवा, खरी आल्यावर उभा."

"तेव्हाच तुझी लेक माहेरी आली होती दोन महिने. नातू तुझ्या पोटावर बसून खेळायचा. आणि आजार कधी कधी आपला आपणही सरतो. एका माणसावरून नाही सांगता येत, म्हणून तर इतकी माणसं गोळा करतात. ती गोळा केली होती. आणि मी..."

"म्हणजे आता कधीच कळायचं नाही?"

"नाही."

दादाने नजर खिडकीबाहेर वळवली. रागावला असता तर ताईंना सोपं गेलं असतं. "तुला लहानपणी खाऊ दिला की तू आधी गल्लीतल्या पोरांना वाटायचीस," तो म्हणाला. "आणि मग रिकाम्या हातांनी माझ्या पुढ्यात येऊन उभी राहायचीस."

गोळी कमी करत आणली. छोटी झाली, मग एक दिवसाआड, मग संपली. सगळं नीट डॉक्टरांना विचारून. थोडे आठवडे दादा ठीक होता. वहिनी ताईंशी बोलायला लागल्या, भाजीवर, हवेवर. मग तो दुकानातून लवकर घरी येऊ लागला. मग गेलाच नाही. बुवांचा निरोप आला, तेव्हा बरं वाटत नाही म्हणून कळवलं. हे औषध गेल्यामुळे झालं, की आजारच आपल्या पावलांनी परत आला, तेही सांगणारं कोणी नव्हतं. डॉक्टरांनी दुसरं एक जुनं औषध सुरू केलं. वाट बघायची होती.

ताई रोज कामावरून परस्पर तिकडे जायच्या. त्या दिवशी गेल्या, तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्या पायथ्याशी बसल्या. वहिनी दारात उभ्या होत्या, ओले हात पदराला पुसत.

"बेबी," दादा भिंतीकडे बघतच म्हणाला. आवाज खोल गेलेला. "मी तुझ्या खोलीत आलो असतो तर? मलाही सांभाळून घेतलं असतंस?"

ताईंनी खरा विचार केला. "तुला कशाला सांभाळून घ्यायला लागतंय, दादा? तू रेघेच्या कितीतरी वर होतास. सगळ्यांत वर."

त्याचे खांदे किंचित हलले. "चला," तो म्हणाला, "कशात तरी पहिला आलो."

वहिनी चटकन पुढे आल्या. त्यांनी ताईंच्या दंडाला धरून त्यांना बाहेर ओढलं. त्यांचे डोळे चमकत होते. "हसले ना? वन्सं, आत्ता हसले ना हे? म्हणजे हे दुसरं औषध लागू पडतंय. पडतंय ना? तुम्हाला कळतं त्यातलं. सांगा ना!"

ताईंच्या ओठांवर हो आलं होतं. सगळा जन्म त्या हे हो वाटत आल्या होत्या, आणि समोर उभी असलेली बाई त्या एका शब्दासाठी हात जोडायचीच काय ती बाकी होती.

"आज हसला, वहिनी," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगते."

"एवढंच?"

"एवढंच."

वहिनींनी त्यांचा दंड सोडला नाही. दोघी तशाच दाराबाहेर उभ्या राहिल्या, आतून दादाचा आवाज येतो का ते ऐकत.